सतरा इंच खांदा

किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागत नाही. कर्जतमध्ये आत्याचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे, त्याच्या पायरीवर मी क्रोशाची सुई घेऊन बसतो. मिशा फुटलेला पोरगा विणकाम करतोय म्हटल्यावर येणारा-जाणारा प्रत्येक म्हातारा आपणहून थांबतो, अक्कल शिकवतो आणि जाताना एक किस्सा ठेवून जातो. वर्षभरात पोतं भरलंय. हे त्यातले, बहुतेक एकाच ब्लाऊजचे.

*

आधी आमचे आप्पा. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. शिकवत कुणी नव्हतं, नुसत्या फायली उतरवून घेत होते. मोबाईलवर बघून क्रोशा शिकलो. आप्पांना हे पाहुण्यांत सांगायची लाज! म्हणून ते सांगतात, "पोराचं डिझायनिंगचं काम हाय."

गल्लीतल्या एका तात्यांनी ते मनावर घेतलं. प्लॉटचा कागद घेऊनच आले.

"यात तीन खोल्या आन् संडास बसवून दे."

"बसवतो की तात्या! पण लोकरीत बसवावं लागंल. पावसात आटलं तर मला बोलायचं न्हाई."

आप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. लई बरं गेले ते दोन दिवस.

*

मग अश्विनी आली. पोलीस भरतीत निवड झालेली, गोळाफेकीत पैकीच्या पैकी मार्क. साखरपुड्याला तिला क्रोशाचं ब्लाऊज हवं होतं. शिवलेलं कुठलंही ब्लाऊज तिला खांद्यात आवळायचं. क्रोशा अंगाबरोबर ताणला जातो.

"एकच सांगते," ती म्हणाली. "तीन वर्षं गोळा फेकून हे खांदे कमावलेत. फोटोत दिसले पायजेत."

बायकांची मापं आत्या घेते, मी लांबून वहीत लिहितो. आत्यानं टेप लावला, आकडा बघितला आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "सतरा हाय. पंधरा लिही. पोरीच्या जातीला बरं दिसत न्हाई."

पंधरा लिहिल्यानं खांदा पंधराचा होतो, असं आत्याला तीस वर्षं वाटत आलंय.

अश्विनीला ऐकू गेलं. "आत्या, उद्या पंचनाम्यातबी दोन इंच कमी लिहू का?"

सतरा लिहिलं.

*

चार दिवसांनी श्रीगोंद्याहून तिच्या होणाऱ्या सासूबाई अवतरल्या. सोबत मापाचं ब्लाऊज. कुणाचं? तर त्यांच्या थोरल्या सुनेचं!

"ह्या मापाचं करा. साखरपुड्यापर्यंत अश्विनी उतरंल तेवढी."

"काकू, मांस उतरतं. हाडं न्हाई उतरत," मी म्हणालो.

तेव्हा कुठं त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं. पदर सावरून त्यांनी आत्याला विचारलं, "ह्यो कोण?"

"भाचा. त्योच विणतोय."

"अगं बया! बाप्या माणूस बाईचं ब्लाऊज करणार?"

"तुमच्या लग्नातलं कुणी शिवलं हुतं, काकू?"

"आमच्या गावच्या शिंप्यानं."

"त्याला मिशा हुत्या का?"

काकूंनी आणलेलं ब्लाऊज पिशवीत कोंबलं. जाताना हुकूम सोडून गेल्या: बाह्या कोपरापर्यंत, वर झालर, खांदा झाकला पाहिजे.

अश्विनीला फोन केला. काकूंचा हुकूम सांगितला. ती म्हणाली, "बाह्या घाल बाबा. आत्ताच भांडण नको."

आवाज पार पडलेला. गोळा फेकणारी पोरगी वाटतच नव्हती. मला काकूंपेक्षा त्या 'नको'चा जास्त राग आला. पण ब्लाऊज तिचं. घातल्या बाह्या.

*

क्रोशाचं एक असतं. शेवटचा टाका बंद करेपर्यंत सगळं काम एका मोकळ्या फासावर उभं असतं. दुसऱ्या बाहीची दोन बोटं राहिली होती. मी सुई काढून चहाला गेलो, तेवढ्यात आप्पा दुकानात आले. त्यांना बाहीतून लोंबणारा दोरा दिसला.

आप्पांना लोंबणारं काही बघवत नाही. ओढला! थोडा आला. अजून ओढला. आपण साफसफाई करतोय या आनंदात ते ओढतच राहिले. मी आलो तेव्हा बाही काखेपर्यंत गायब आणि आप्पांच्या पायाशी मोरपंखी दोऱ्याचा ढीग.

वर मलाच म्हणाले, "कच्चं काम हाय तुझं! जरा हात लावला तर सुटतंय."

"आप्पा, आजवर ओढल्याशिवाय कशाला हात लावलाय तुमी?"

आत्यानं मशीन जोरात चालवायला घेतलं.

*

त्याच दुपारी अश्विनी ट्रायलला आली. आता पोरगी चिडणार म्हणून मी खाली मान घालून बसलो. तिनं पडद्याआड जाऊन ब्लाऊज घातलं. मग ती बाहेर आली. एक हात कोपरापर्यंत झाकलेला, दुसरा खांद्यापासून मोकळा.

आरशासमोर उभी राहिली. आधी झाकलेली बाजू बघितली, मग मोकळी. मग मोकळा हात मानेपाशी नेला, कोपर वर उचललं आणि नसलेला गोळा सरळ शोकेसच्या दिशेनं फेकला. एक टाका हलला नाही.

"दुसरीबी काढ," ती म्हणाली.

आत्या म्हणाली, "अगं, सासूला काय सांगशील?"

"आप्पांनी ओढली म्हणून सांगीन. मोठ्या माणसांचा शब्द कसा मोडायचा?"

आप्पा चपला शोधायला लागले.

*

साखरपुडा. मे महिना, भर दुपार, पत्र्याचा हॉल. अश्विनी स्टेजवर आली आणि बायकांच्या रांगांतल्या माना एकदम वर झाल्या. मोरपंखी ब्लाऊज, बाह्या नाहीत, सतराच्या सतरा इंच समोर! फोटोग्राफर कॅमेरा लावतोय, तेवढ्यात काकू लगबगीनं वर गेल्या. हातात नवी कोरी शाल.

"गार वारं सुटलंय. पांघर."

पंखेसुद्धा गरम हवा फेकत होते. आत्यानं माझा हात घट्ट धरला. अश्विनीनं दोन्ही हातांनी शाल घेतली, वाकून काकूंच्या पाया पडली. मग सगळ्यांसमोर शाल पूर्ण उलगडली, स्टेजच्या पायऱ्या उतरली आणि पहिल्या रांगेत बसलेल्या सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली. सासरे गावचे माजी सरपंच. तिनं शाल त्यांच्या खांद्यांवर घातली, ताटातला नारळ उचलून त्यांच्या हातात दिला आणि हात जोडले.

माइकवाल्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "जोरदार टाळ्या!"

अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. फोटोग्राफरनं फ्लॅश मारला.

सासरे शाल सावरत उठले, माइक हातात घेतला, घसा खाकरला आणि म्हणाले, "या ठिकाणी उपस्थित असलेले सर्व मान्यवर..."