सुचित्राची ताम्रपर्णी

नवऱ्याच्या नोकरीपायी जपानमधल्या हिगाशी-कसाईला येण्याआधी सुचित्रा तीन वर्षं तमिळनाडूतल्या ताम्रपर्णी नदीकाठी पाणमांजरांचा माग काढत हिंडली होती. ओल्या वाळूतल्या पाऊलखुणा पाहून ती पिल्लं किती ते सांगायची. इथे मात्र ती फक्त अनुपची बायको झाली. दुपारी कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, अर्धवेळ काम, मग मुलीला शाळेतून आणायचं.

सहाव्या वर्षी वस्तीच्या मेळाव्यात भारतीयांना बोलावलं. आयोजक तानिमुरा-सान म्हणाले, "तुम्ही मेहंदी काढा."

"मी नदीवर बोलेन," सुचित्रा म्हणाली.

अनुप वैतागला. "लोक मजा करायला येतात गं. कशाला हट्ट?"

"मग मेहंदी तू काढ."

तानिमुरा-साननी अर्धा तास दिला, पण जाळ्यात गुदमरून मेलेल्या पाणमांजराचा फोटो काढून टाकायला सांगितलं. मेळाव्यात असलं नको. सुचित्राने ऐकून घेतलं आणि फोटो तसाच ठेवला.

नऊ माणसं आली. अडखळत्या जपानीत तिने सांगितलं, की ही नदी अगस्त्यमलैच्या जंगलात उगम पावते. नैऋत्य आणि ईशान्य, दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस तिला मिळतो, म्हणून ती बारमाही. डोंगर उतरून ती भातशेतीत येते; काठच्या झाडांवर करकोचे घरटी बांधतात. पाणमांजरं अख्ख्या कुटुंबानं मिळून मासे धरतात. शब्द अडला की मुलगी, यामिनी, तो पुरवायची.

मग तो फोटो आला. तानिमुरा-सान पडदा बंद करायला उठले.

"माझी दहा मिनिटं बाकी आहेत," सुचित्रा म्हणाली आणि बोलत राहिली. वाळूउपसा, जाळी, सांडपाणी, सगळं सांगितलं.

शेवटी श्रोत्यांतल्या, मूळच्या शिकोकू बेटावरच्या होरिए आजी उभ्या राहिल्या. "आमच्याही नदीत पाणमांजरं होती. आता देशात एकही उरलं नाही. ती जात होती तेव्हा आम्हाला असा फोटो कुणी दाखवला नाही."

पुढच्या वर्षी सुचित्राला बोलावणं आलं नाही. तिने इमारतीखाली स्वतःच कागद लावला: रविवारी सकाळी इथल्या नदीवर पक्षी पाहायला चला.

"परवानगी घेतलीस का?" अनुपने विचारलं.

"नदीकाठी उभं राहायला?"

पहिल्या रविवारी चार मुलं आली, आणि होरिए आजी. पाणकावळे पंख वाळवत बसले होते. मुलांनी जपानीत प्रश्नांचा भडिमार केला आणि सुचित्राने जमेल त्या भाषेत उत्तरं दिली. याला आता दोन वर्षं झाली. एकही रविवार तिने चुकवलेला नाही.