जुनी औषधं आणि भासऱ्यांची लाज

आमच्या एकोडीकडे नवऱ्याच्या मोठ्या भावाला भासरे म्हणतात. धाकट्याच्या बायकोनं त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, त्यांनीही तिच्याशी नाही. इतकी वर्षं एका चुलीवरचं जेवलो, पण काही लागलं तर ते भिंतीकडे बघून सांगत.

धानाच्या बांधीत चिखलणी करताना ट्रॅक्टरच्या लोखंडी चाकानं त्यांची पोटरी फाटली. जखम शिवली, पिकली, पुन्हा उघडली. आधी लाखनीच्या दवाखान्यात नेलं, मग भंडाऱ्याच्या. इंजेक्शनं बदलत गेली आणि पाय काळा पडत गेला. जाऊ आधीच वारलेली, मूलबाळ नाही, माझा नवरा ट्रकवर. दवाखान्यात मी राहिले.

पुवाचा रिपोर्ट आला. जवळजवळ सगळ्या औषधांपुढे ‘चालत नाही’. डॉक्टरीण वयानं लहान, पण स्पष्ट बोलणारी.

“मावशी, नवी औषधं हरली. दोन जुनी एकदम देऊन पाहू. एक जंतूचं कवच फोडतं, दुसरं आत शिरतं. एकेकटं देऊन उपयोग नाही. कवच फोडणारं किडनीला वाईट. लघवी या भांड्यात मोजायची, कमी झाली तर लगेच सांगायचं. दुसऱ्यानं ती लाल होईल, त्याला घाबरायचं नाही.”

माझ्यासमोर लघवीचं नाव निघालं तसं भासऱ्यांनी तोंड फिरवलं. किती ऐकलं, कोण जाणे.

ताप उतरला. जखमेचा वास कमी झाला. ते भिंत धरत स्वतःच संडासला जात. भांडं कोरडंच राही. मी विचारलं की भिंतीला उत्तर मिळे, “ठीक आहे.”

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खवळला. “अरे बुवा, तिच्याकडे पाहून बोल ना! भिंत तुले पाणी आणून देणार आहे का?”

वॉर्ड हसला. भासऱ्यांनी चादर ओढून घेतली.

मग रक्ताचा रिपोर्ट बिघडला. डॉक्टरीण धावत आली. “लघवी किती होते?”

“ठीक आहे म्हणतात.”

“मोजली का?”

मी सरळ खाटेसमोर उभी राहिले. “भांड्यात काहून नाही करत?”

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. “लाल येते. रक्त जाऊन राहिलं. भावाच्या बायकोले हे कसं सांगू? घडी घडी उठा लागू नये म्हणून पाणीच सोडलं.”

त्या दिवशी भांड्यात केलं त्यांनी. तळ जेमतेम झाकला.

कवच फोडणारं औषध बंद झालं. दुसरं चालू ठेवलं, पण ते देताना डॉक्टरीण माझ्याकडे बघेना. सलाईन लावलं, लघवीसाठी नळी घातली. पिशवीत काही उतरेना. ताप परत चढला.

तापात त्यांची भीड सुटली. माझ्याकडे बघून पाणी मागायचे, बांध फुटला का विचारायचे, एकदा म्हणाले, “तू जेवली का?” मी चमच्यानं पाणी पाजत होते.

नवरा पोचला तेव्हा मी चादर त्यांच्या तोंडावर ओढत होते.

“काही बोलला का दादा?”

“दुपारपर्यंत बोलत होते,” मी म्हटलं. “आता घरी न्यायला गाडीचं पाहा.”