एकच्या आधीची घागर

निमंत्रण माझ्या बायकोच्या, सुमनच्या नावाने आलं होतं. परळीतल्या एका वस्तीत कला-महोत्सव होणार होता. रंगवलेल्या भिंतींचं परीक्षण करायला निवृत्त चित्रकला-शिक्षिका हवी होती, आणि सुमनने आजारपणात पडल्या पडल्या होकार कळवला होता. ती कार्तिकात गेली. मी तसं आयोजकांना लिहिलं. आठवड्याने उत्तर आलं : ‘वाचून फार वाईट वाटलं. मग आपण येता का? निवासाची सोय झालेली आहे.’ झालेली सोय वाया घालवणं बरं दिसलं नसतं. मी तीस वर्षं महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. चित्रांतलं मला कळत नाही, याद्या करता येतात. फाल्गुनातल्या एका संध्याकाळी वही घेऊन मी नाशिकहून निघालो.

पहाटे परभणीला गाडी बदलली. गंगाखेडच्या पुलावर ती हळू झाली तेव्हा उजाडलं होतं. खाली गोदावरी. ती आमच्याकडून निघते, म्हणजे माझ्या आधी ती इथे पोचायला हवी होती. पात्रात वाळू होती, वाळूत बैलगाडीच्या चाकोऱ्या, आणि मधोमध झरा खणून दोन बाया वाटीवाटीने हंडा भरत होत्या. मी पोचलो, नदी पोचली नव्हती.

परळीजवळ वीजकेंद्राची धुराडी दिसू लागली. त्यांतून धूर निघत नव्हता. पाण्यावाचून केंद्र बंद होतं. शेजारचा प्रवासी समाधानाने म्हणाला, “औंदा (यंदा) हवा लई चांगली झालीय बघा.”

स्टेशनबाहेर सुशीला खाल्ली (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा फोडणीचा प्रकार). वर शेंगदाणे आणि लिंबू. पाणी मागितलं तर हॉटेलवाला म्हणाला, “सर, चहा घ्या की. चहाला आमी कधी न्हाई म्हनत न्हाई.”

न्यायला दत्तूअण्णा आले होते. साठीचे, टोपी घातलेले, मोटारसायकलवर. ते वस्तीतल्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेचे सचिव, आणि महोत्सवही याच संस्थेचा. संस्थेला अध्यक्ष आहेत, संचालक मंडळ आहे, गोल शिक्का आहे, सर्वसाधारण सभा दरवर्षी वेळेवर होते. “नुस्तं पाणी न्हाई,” अण्णा गाडीला किक मारत म्हणाले, “बाकी कारभार येकदम स्वच्छ.”

वस्तीला भट्टीमागची वस्ती म्हणतात. पुढे राखेच्या विटांच्या भट्ट्या, मागे पत्र्याची आणि विटांची घरं. निम्म्या घरांना कुलपं होती. माणसं ऊसतोडीला कर्नाटकात गेली होती, ती पाडव्याच्या सुमाराला परततात. मग महोत्सव पाडव्यानंतर का नाही ठेवला, असं मी विचारलं. अण्णांनी सांगितलं की परगावच्या पाहुण्यांना तेव्हाचं ऊन सोसत नाही.

कुलूपबंद घरांचा एक फायदा झाला होता. त्यांच्या भिंती रंगवायला कुणाची हरकत आली नाही. मोर होते, वीणा होती, पुस्तक वाचणारी मुलगी होती. सगळ्यांत मोठ्या भिंतीवर एक धबधबा होता, इतका खरा की त्याखाली एक शेळी तोंड वर करून उभी होती. तो मुंबईहून आलेल्या निखिल नावाच्या तरुण चित्रकाराने काढला होता. गोरागोमटा, पायात फाटक्या चपला, बोलायला अतिशय नम्र. “वस्तीचं रूप बदललं की वस्तीचा स्वतःवरचा विश्वास परत येतो, सर,” तो म्हणाला. मी वहीत लिहिलं : धबधबा, उत्तम. शेळीलाही पटला.

पुढच्या वळणावर रस्त्याच्या कडेने भांड्यांची रांग लागली होती. माणूस एकही नव्हता. घागरी, हंडे, तेलाचे डबे, कॅन, एकामागे एक, कितीतरी लांब. रांगेच्या तोंडाशी, एका ओट्यावर मिशरी लावत एक बाई बसल्या होत्या. त्या कौसाबाई. टँकर आठवड्याने येतो, कधी येईल ते टँकरलाच माहीत असतं, म्हणून माणसांऐवजी भांडी उभी राहतात आणि कौसाबाई त्यांच्यावर नजर ठेवतात. त्याबद्दल त्यांना काही मिळत नाही, शिव्या सोडून.

मला भिंतींपेक्षा ही रांग वाचायला सोपी वाटली. मी ओट्याशी उभा राहून यादी करू लागलो. पितळी घागर, गळ्याला पांढरा दोरा. स्टीलचा हंडा, बुडाला डांबर. तेलाचा डबा, खिळ्याने कोरलेलं ‘शेषाबाई’.

“काय लिवताव?” कौसाबाईंनी विचारलं.

“नंबर लिहितोय. पहिली घागर पितळी...”

“तिला येक म्हनू नका. येक तिच्या मागला हंडा. ती एकच्या आधीची.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. ज्या घरी मयत होतं, त्या घराने तेरा दिवस नंबर लावायचा नाही. त्यांची घागर पांढरा दोरा बांधून सगळ्यांच्या पुढे. “रडत्या मानसाला लायनीत उभं करत न्हाईत, सर.” ही घागर दगडूच्या घरची होती. त्याची म्हातारी जाऊन आठ दिवस झाले होते. मी आकडा खोडला आणि तिथे नुसती रेघ मारली.

“बाई येनार व्हत्या म्हनं परीक्षेला?”

“कार्तिकात गेल्या.”

त्यांनी मिशरीची डबी मिटली.

बाराव्या जागेवर घागर नव्हती, निळं प्लॅस्टिकचं पिंप होतं, त्यावर हिरव्या रंगात चंद्रकोर. मी ते लिहीत असताना एक बाई लगबगीने येऊन पिंप जागेवर आहे ना ते बघून गेली. मग परत आली. ही जुबेदाबी, नवरा बाजारात फळांचा गाडा लावतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मुलीचा निकाह होता, आणि लग्नघराला घागरीऐवजी पिंप ठेवता येतं.

“वऱ्हाडाला प्यायला विकतच्या जारचं पाणी सांगितलंय,” ती कौसाबाईंना म्हणाली. “सैपाकाचं बी हुईल कसंतरी. पन पोरीची आंघोळ, मावशी? जारच्या पाण्यानं नव्हरी न्हाऊ घालू का? आजच्याला टँकर न्हाई आला तर ओल्या फडक्यानं पुसून बसवावी लागंल माझी शबाना.”

“येतोय. बसून रहा गुमान,” कौसाबाई म्हणाल्या.

मी एकतीस भांडी लिहिली होती तेव्हा अण्णांनी जेवायला हाक मारली. पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा. हात धुवायला अर्धा तांब्या पाणी मिळालं आणि त्या अर्ध्या तांब्याखाली गुलाबाची कुंडी ठेवलेली होती.

परत आलो तर रांग नव्हती.

झालं होतं ते असं. सकाळपासून भोंग्यावरून आवाहन चाललं होतं की लोकसहभागाच्या शिल्पासाठी घरातलं एकेक भांडं द्यावं. कौसाबाई भाकरी टाकायला घरात गेल्या आणि निखिलच्या स्वयंसेवकांना रस्त्याच्या कडेला पन्नासेक भांडी ओळीने मांडून ठेवलेली दिसली. इतका शिस्तबद्ध प्रतिसाद बघून निखिलला भरून आलं, असं त्याने मला स्वतः सांगितलं. आता मंडपापुढे भांड्यांचा मनोरा उभा होता, तारेने बांधलेला, झेंडूच्या माळा सोडलेला. मनोऱ्याचं नाव ‘तहान’. जुबेदाबीचं पिंप सगळ्यांत खाली, पाया म्हणून.

बायका मनोऱ्याभोवती जमल्या. आपापलं भांडं प्रत्येकीला ओळखू येत होतं, पण कुणामागे कोण, यावर दोघींचं एकमत होईना. पाहुणे आले. ते साखर कारखान्याचे संचालक. कारखाना उसाअभावी दोन हंगाम बंद असल्याने त्यांना अशा कार्यक्रमांना वेळ देता येतो. त्यांनी दीप लावला, कला ही समाजाची तहान भागवते असं म्हणाले, आणि तेवढ्यात भट्ट्यांच्या बाजूने टँकरचा भोंगा ऐकू आला.

मंडप रिकामा झाला. बायका मनोऱ्यावर तुटून पडल्या. निखिल हात पसरून मध्ये आला. “ताई, दहाच मिनिटं! एक फोटो होऊ द्या!”

“फोटूत पानी येतंय का रं, लेकरा?” कौसाबाईंनी त्याला बाजूला केलं आणि तार सोडायला घेतली.

भांडी खाली आली, रांग मात्र लागेना. प्रत्येकीचा नंबर तिसरा-चौथा होता. कौसाबाई क्रम सांगू लागल्या, तर कुणीतरी ओरडलं, “तुजी घागर सातवी, तू सांगनारच की!” एक माणूस जुबेदाबीचं पिंप पायाने मागे सारत म्हणाला, “पिंपाला कसला नंबर बे? पिंप समद्यात मागं.” चाळिसाव्या भांड्याच्या आसपास टँकर संपतो, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. जुबेदाबी भांडली नाही. पिंपाला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

मी वही वर केली. आवाज माझा लहान आहे. कौसाबाईंनी सूत्रसंचालकाच्या हातातला माईक काढून माझ्या हातात दिला. “परगावचा मानूस हाय. ह्येला ना सोयरा ना भावकी. त्यानं सकाळी लिवलंय, आयका.”

असं मी आयुष्यात पहिल्यांदा व्यासपीठावरून वाचलं. “पितळी घागर, गळ्याला पांढरा दोरा.” दगडूची घागर पुढे आली. लोक बाजूला सरले. घागर भरली.

“एक. स्टीलचा...”

“थांबा,” कौसाबाई म्हणाल्या. त्या घरात जाऊन एक कळशी घेऊन आल्या, पदराच्या काठाचा पांढरा दोरा ओढून काढला आणि कळशीच्या गळ्याला बांधला. “ही बी एकच्या आधी.”

“कुनाची?”

“ह्यांची. मंडळी गेल्यात ह्यांच्या.”

मी म्हणालो, चार महिने झाले. तेरा दिवस केव्हाच संपले.

“त्या तेरा दिवसांत तुमाला कुनी म्होरं केलंतं का?”

मला मृत्यूच्या दाखल्याच्या खिडक्या आठवल्या. एकीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. तिसरीपुढे माझा नंबर आला तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती.

“नाही,” मी म्हणालो.

“मग तेरावं झालं कसं म्हनता? नाव काय बाईंचं?”

“सुमन.”

“सुमनबाईची भर रं,” त्यांनी टँकरवाल्याला सांगितलं. पन्नास बाया पाण्यासाठी ताटकळत होत्या. एकीनेही तोंड उघडलं नाही.

मग मी वाचत गेलो. बुडाला डांबर. “हाय!” खिळ्याने कोरलेलं शेषाबाई. “आले आले!” बारावं निळं पिंप म्हणताच मघाचा माणूस पुन्हा उठला. कौसाबाई म्हणाल्या, “तुझ्या लग्नाला दोन पिंपं लावलीती रं आमी. तरी हळद निघाली न्हाई, तसाच पिवळा हायस.” हशा झाला, पण मागच्यांची कुरकुर खोटी नव्हती. तडजोड अशी ठरली की पिंपात दोन घागरींपुरतंच पाणी पडेल. जुबेदाबीने आत वाकून बघितलं. बूड जेमतेम झाकलं होतं.

“हे सैपाकातच जाईल,” ती हळू म्हणाली.

एकतीसनंतर मी पान उलटलं. पुढे फक्त ‘पिठलं, भाकरी, ठेचा’ असं होतं.

“ते बी वाचा की!” मागून एक बाई ओरडली. बत्तिसाव्यापासून पुढचा निकाल नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे ओरडून लागला, आणि शेवटच्या काही जणी रिकाम्या भांड्यांनिशी घरी गेल्या. मी जेवायला पाच मिनिटं उशिरा गेलो असतो तर त्यांचा नंबर तरी ठरला असता, हे मला अजून टोचतं.

कळशी माझ्या पायाशी होती. मी ती उचलून जुबेदाबीकडे नेली. ती मागे सरली. दुखवट्याचं पाणी शुभकार्याला चालेल का, असा प्रश्न तिने तोंडाने विचारला नाही, कौसाबाईंकडे बघून विचारला.

“पानी हाय ते,” कौसाबाई म्हणाल्या. “घे. आनी पिंपात ओतू नकू, येगळं ठिव.”

धबधब्याचा शेरा अण्णांना सांगून मी निघालो होतो, निकालाच्या वेळी मंडपात नव्हतो. पहिलं बक्षीस धबधब्याच्या घराला मिळालं. घरमालक कर्नाटकात ऊस तोडत असल्याने विजेते अनुपस्थित असं जाहीर झालं.

सकाळी निघताना जुबेदाबीच्या दारावरून गेलो. आतून बायकांची गाणी ऐकू येत होती. मोरीच्या तोंडाशी जमीन ओली होती आणि ओलीला साबणाचा वास होता. जुबेदाबी बाहेर आली, हातावर दोन खजूर ठेवले आणि म्हणाली, “न्हाली, भाईसाब. क्येसांवरून न्हाली.” तिला पाहुण्यांचं बघायचं होतं, ती लगेच आत गेली.

रस्त्याच्या कडेला निखिल उकिडवा बसून गटाराच्या कठड्यावर पांढऱ्या रंगाने आकडे काढत होता. कौसाबाई त्याच्या डोक्याशी उभ्या होत्या. एक, दोन, तीन, प्रत्येक आकड्यात एका भांड्याची जागा. रात्री झोप लागली नाही, असं तो म्हणाला. आता रांग कुणी उचलली तरी क्रम कठड्यावर राहील. महोत्सवाने वस्ती बदलली का, असं मला कुणी विचारलं तर मी हा कठडा दाखवीन. तो कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. एकच्या अलीकडे त्याने एक हात जागा रिकामी सोडली होती आणि तिथे आकड्याऐवजी बारीक पांढरा दोरा काढला होता.

परतीच्या गाडीत गंगाखेडला मी खिडकीशी गेलो. नदी अजून पोचलेली नव्हती.

महिन्याने नाशिकला टपालाने एक प्रमाणपत्र आलं. जाड कागद, सोनेरी किनार, संस्थेचा गोल शिक्का. ‘सौ. सुमन यांनी महोत्सवास प्रत्यक्ष उपस्थित राहून मोलाचं सहकार्य केल्याबद्दल.’ छापखान्याला कुणी नाव बदलायला सांगितलं नसावं. चूक झाली की कळवायची, ही माझी तीस वर्षांची सवय आहे. मी पोस्टकार्ड घेतलं, पत्ता लिहिला, आणि मग विचार केला की नेमकं चुकलंय काय. कार्ड नुसत्या पत्त्यानिशी वहीत ठेवलं, एकतीस भांड्यांच्या यादीपाशी.