बडीशेपेशेजारचं यंत्र

थाळीच्या त्या हॉटेलात दाराशी एक यंत्र बसवलंय. जेवण कसं होतं ते हसऱ्या नाहीतर रडक्या चेहऱ्याचं बटण दाबून सांगायचं. शेजारीच मालक उभे असतात आणि प्रत्येकाच्या हातावर स्वतः बडीशेप ठेवतात.

माझ्या पुढच्या बाई जेवताना आमटी खारट म्हणून नवऱ्याजवळ कुरकुरत होत्या. दाराशी मात्र त्यांनी बडीशेप घेतली, मालकांकडे बघून हसल्या आणि हसरा चेहरा दाबला. पायऱ्या उतरताना नवऱ्याला म्हणाल्या, "परत इथे नको हं."

"बघा, सगळे खूश आहेत," मालक मला म्हणाले. "तरी गिऱ्हाईक का तुटतंय, तेच कळत नाही."

मला त्या यंत्राचा संशय येतो. बटण दाबलं तेवढंच ते मोजतं. पण ज्याच्या हातची बडीशेप तोंडात आहे, त्याच्यासमोर रडका चेहरा कोण दाबणार? मोठ्या कंपन्यांच्या पडद्यावर ग्राहकांच्या समाधानाच्या चढत जाणाऱ्या रेघांमागेही अशीच कुणाकुणाची भीड असेल का?

आत टेबलांवर, जेवून उठलेल्यांच्या ताटांत, आमटीच्या वाट्या भरलेल्याच होत्या. मालकांची तिकडे पाठ होती.

त्यांनी माझ्या हातावर बडीशेप ठेवली, जरा जास्तच. मी हसरा चेहरा दाबला.