चिंबोरीसाठी एक मोकळा वार

माझ्या सासूबाईंच्या तोंडात वरची दाढ खालच्या दाढेवर नीट टेकते अशी एकच जोडी उरली होती. दातांच्या डॉक्टरांनी मंगळवारची वेळ दिली. "सगळेच काढून टाकू आणि कवळी बसवू," म्हणाले. आईंनी खुर्चीतून उठता उठता विचारलं, "कवळीने चिंबोरी फोडता येते का हो?" डॉक्टर हसले. शाकाहारी असावेत.

चिंबोरी म्हणजे खेकडा, पण तो शब्द आईंसमोर काढायचा नाही. त्यांचं माहेर रोह्याजवळचं, बालपण खाडीच्या चिखलात गेलेलं. चिंबोरीची नांगी दातांनीच फोडायची, बत्त्याने फोडलेली नांगी पाहुण्यांना वाढायची, हे त्यांचं ठाम मत. घरी येताना त्या रिक्षात म्हणाल्या, "मंगळवारच्या आत एकदा तरी स्वतःच्या दातांनी खायचीय मला. मग काय काढायचेत ते काढा." एवढं सरळ मागणं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. मला गलबलून आलं आणि मी त्याच आवेशात सहलीची तयारी केली. गुरुवार ते रविवार जोडून सुट्टी येत होती. डोंबिवलीहून अलिबाग, काशीद, पुढे फेरीबोटीने दिवेआगर. नवऱ्याने, म्हणजे सुहासने, गाडीत हवा भरली. सगळं कसं छान जमलं होतं.

तारखा मी ऑफिसच्या कॅलेंडरात पाहिल्या, भिंतीवरच्या नाही. आपल्याकडे मासे खायला कोणी निघणार असेल तर आधी कोणाचा कोणता वार आहे हे विचारायचं असतं. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांनी पुढचं नीट वाचावं.

गुरुवार

भल्या पहाटे निघालो. पेणपर्यंत रस्ता बरा, वडखळच्या आसपास गाडीने आणि आमच्या मणक्यांनी जरा कुरकुर केली. पेणला पोह्याचे पापड घेतले. अलिबागला पोचताच एका घरगुती खानावळीत शिरलो. बाहेर पाटीवर लिहिलं होतं, 'आज जिताडं'. जिताडं म्हणजे रायगडवाल्यांचा जीव की प्राण. व्याह्यांना मान द्यायचा तर इकडे जिताडं पाठवतात, असं आई नेहमी सांगतात. मी तीन थाळ्या सांगणार, तेवढ्यात आई म्हणाल्या, "मला वालाचं बिरडं."

"का हो?"

"अगं, आज गुरुवार ना. दत्ताचा."

सुहासने माझ्याकडे पाहिलं, मी सुहासकडे. मग आम्ही दोघांनी जिताडं खाल्लं. थाळी चारशेच्या घरात, पण तुकडा तळहाताएवढा. आई समोर बसून बिरडं आणि तांदळाची भाकरी खात आमच्या ताटावर देखरेख करत होत्या. "तो काटा असा नाही ओढायचा. पोटाकडचा भाग आधी घे. सुहास, डोकं टाकतोस? टाकतोस तू डोकं?" दुसरं कोणी मासे खात असलं की त्यांचं काही बिघडत नाही, उलट तोंडाने त्याच खातात. बिरडं अप्रतिम होतं, हेही नोंदवून ठेवते. मुक्काम काशीदला केला. सुरूच्या बनात वादळाने पाडलेल्या जागा अजून दिसतात, समुद्र मात्र जसाच्या तसा.

शुक्रवार

सकाळी मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, "आई, आज काही नाही ना?"

"आज संकष्टी," आई म्हणाल्या.

संकष्टी त्यांच्या सासूबाईंची. म्हातारी जाताना म्हणाली होती, "माझ्या मागे चतुर्थी सोडू नकोस." सासूबाईंना जाऊन जमाना झाला. चतुर्थी आहे तिथेच आहे.

मुरूडला आम्ही किनाऱ्याकडे तोंड करून साबुदाण्याची खिचडी खाल्ली. तिघांनीही. त्यांच्यापुढे मासे मागवायची मलाच लाज वाटली. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब तळलेले बोंबील मटकावत होतं, आणि सुहास त्यांच्याकडे पाहत चमचा रिकामाच तोंडात घालत होता. खिचडी बरी होती, दाण्याचं कूट हात राखून घातलेलं. पुढे आगरदांड्याच्या धक्क्यावरून गाडीसकट फेरीबोटीत चढलो. पाऊण-एक तासाने बोट असते, पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे दिघी. शेवटची बोट किती वाजता ते आधी विचारून ठेवा, नाहीतर खाडीला लांबलचक वळसा पडतो.

दिवेआगरला मंदाताईंच्या वाडीत राहिलो. नारळ-सुपारीची वाडी, अर्धी झाडं जुनी उंच आणि अर्धी वादळानंतर लावलेली, गुडघ्याच्या थोडी वर. इकडे जेवण आधी सांगावं लागतं, बसल्या बसल्या मागवलं असं होत नाही. मंदाताईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "उद्या काय करू? चिंबोऱ्या आणू? पुनवेला पोकळ असतात, आता भरायला लागल्यात."

आईंचे डोळे लकाकले. "उद्या शनिवार. उद्या माझं काहीच नाही."

चंद्र उगवल्यावर मंदाताईंच्या हातचे उकडीचे मोदक आले. मी पाच खाल्ले आणि नंतर मोजणं सोडलं.

शनिवार

दुपारी ताटं मांडली. मंदाताईंनी ओल्या खोबऱ्याच्या वाटणातला रस्सा केला होता, त्यात तांबड्या पाठीच्या भरलेल्या चिंबोऱ्या, शेजारी तांदळाची भाकरी, पांढरा कांदा आणि वाटीत सोलकढी. आईंनी पदर खोचला, नांगी उचलली, दाढेखाली धरली. आणि तशाच थांबल्या.

समोर सुहास वरणभात कालवत होता.

सुहासचा शनिवार. फार पूर्वी त्याला साडेसाती आहे असं कुणीतरी सांगितलं, आणि आईंनीच त्याला मारुतीचा शनिवार धरायला लावला. साडेसाती संपली, सुहासला बढती मिळाली, पोट सुटलं, पण शनिवार सुटला नाही.

"खा ना आई," सुहास म्हणाला.

आईंनी नांगी खाली ठेवली. "पोरगा कोरडं खातोय आणि आईने त्याच्या पुढ्यात चिंबोरी फोडायची? माझ्याच्याने नाही होणार."

"वरण आहे की यात. कोरडं कुठे?"

"तेच ते."

मग सुहासने तोडगा काढला. ताट उचलून तो गाडीत जाऊन बसला. दार लावलं. काचा वर केल्या. सुपारीच्या सावलीत उभ्या गाडीत माझा नवरा वरणभात खातोय आणि जाणारे-येणारे थांबून पाहतायत, हे दृश्य मी विसरणार नाही. वाडीतल्या एका म्हाताऱ्याने काच वाजवून विचारलंसुद्धा, "भांडान झाला काय?"

आईंनी नांगी पुन्हा उचलली, दाढेपर्यंत नेली, पुन्हा ठेवली. "मला माहीत आहे ना तो गाडीत बसलाय."

मंदाताई भाकरीच्या तव्यापाशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पाहून मी माझ्या आणि आईंच्या, दोघींच्या वाट्याच्या चिंबोऱ्या संपवल्या. काय सांगू, असला रस्सा मी जन्मात खाल्ला नव्हता. प्रत्येक घासाला अपराधी वाटत होतं आणि तरी मी पुढची भाकरी मागत होते.

संध्याकाळी किनाऱ्यावर आई माझ्याजवळ बसल्या आणि एकेक बोट मिटत हिशेब करू लागल्या. सोमवार माझ्या सासऱ्यांचा. ते गेल्यावर त्यांचा सोमवार आईंनीच पुढे चालवला. मंगळवारी डॉक्टर. "म्हणजे उद्याचाच दिवस," त्या म्हणाल्या. मग शेवटचं बोट मिटत म्हणाल्या, "यात माझा स्वतःचा असा गुरुवारच गं. बाकीचे सगळे लोकांचे." इतकी वर्षं मी त्यांना फार देवभोळ्या समजत होते. मला त्यांच्या बोटांकडे बघवेना.

रविवार

रविवारी कोणाचाच वार नव्हता. म्हणून आम्ही देवाला गेलो. ही सुहासची कल्पना, आणि ती त्याला मी जन्मभर ऐकवणार आहे. "इतक्या जवळ आलोय तर हरिहरेश्वर करून येऊ, दुपारी मंदाताईंकडे चिंबोरी." श्रीवर्धनमार्गे तासाभराचा रस्ता, समुद्र अधूनमधून डोकावतो. दर्शन सुरेख झालं. ओहोटी होती म्हणून खडकांतून प्रदक्षिणाही झाली. बाहेर येऊन आईंनी कपाळावरचं भस्म चाचपलं आणि मटकन पायरीवर बसल्या.

"आता कसली चिंबोरी? क्षेत्राला आलोय. देवाच्या गावात का मासे खायचे?"

"आपण गावाबाहेर जाऊन खाऊ," मी म्हटलं.

"हद्द कुठे संपते?"

हा प्रश्न आम्ही हारवाल्या बाईंना विचारला, एका रिक्षावाल्याला विचारला, पेट्रोलपंपावर विचारला. प्रत्येकाने वेगळं वळण सांगितलं. त्यातलं सगळ्यात लांबचं वळण मागे पडलं, तेवढ्यात श्रीवर्धनच्या देवळाचं शिखर दिसलं. ते गेलं तर दिवेआगरचा गणपती. आईंनी गाडीतूनच हात जोडले. कोकणात देवाशिवायची जागा शोधायला निघालो होतो आम्ही.

मंदाताईंनी सगळं ऐकून घेतलं. तशाच आत गेल्या आणि स्टीलचा डबा घेऊन आल्या. "आजी, हा घिऊन जावा. तुमच्या देवांचं झालं की खावा. पर वाया घालवू नका, बाय. जित्या चिंबोऱ्या आनल्या व्हत्या मी."

दिघीला बोट लागलेलीच होती. आई डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, झाकणावर दोन्ही हात. गाडी बोटीत चढली, साखळदंड खडखडला, धक्का मागे सरकला. तिकीट फाडणारे काका खिडकीशी आले, तशी आईंनी काच खाली केली.

"अहो, ही खाडी कुठल्या देवाच्या हद्दीत येते?"

काकांनी खाडीकडे पाहिलं, मग आईंकडे. "इथं कुठला देव, आजी? इथं दर्या हाय."

"त्याचा वार कोणता?"

"दर्याला वार न्हाय. भरती हाय न् ओहोटी हाय. न् म्हावरं त्याला चालतंय, त्याच्याच पोटातलं हाय ते."

आईंनी डबा उघडला.

गाडीभर वाटणाचा वास सुटला. शेजारच्या गाडीतल्या बाईंनी आपली काच वर केली. आईंनी मोठ्यातली मोठी नांगी निवडली, ती एकुलती एक जोडी जुळवली, डोळे मिटले आणि कट्ट असा आवाज झाला. सुहास आणि मी श्वास रोखून बसलो. नांगी फुटली की दाढ? आईंनी जिभेने सगळं तपासलं, चोखलं, चावलं आणि डोळे उघडले. "नांगी," त्या म्हणाल्या. मला हसू आणि रडू बरोबरच आलं.

पण चिंबोरी हे काय घाईचं काम आहे? पहिली जेमतेम निम्मी झाली तेवढ्यात आगरदांडा आलं. पुढच्या गाड्या उतरू लागल्या. मागून हॉर्न.

"आई, किनारा आला!"

"इथे देऊळ आहे?"

सुहासने पाहिलं. "आहे."

"मग मी नाही उतरत."

काका धावत आले. सुहासने हात जोडून सगळं सांगितलं. वार, दात, मंगळवार, सगळं. काकांनी टोपी मागे सारली आणि मागच्या हॉर्नवाल्याला ओरडून म्हणाले, "ए, दम खा! आजी जेवतीय!" मग आम्हाला म्हणाले, "त्या कोपऱ्यात घ्या गाडी. जेवून घेऊ द्या सुखानं." तिकीट मात्र पुन्हा काढावं लागलं, आणि ते रास्तच होतं.

आम्ही परत दिघीला गेलो. दिघीहून परत आगरदांड्याला आलो. मधल्या फेरीत नव्याने चढलेले लोक कठड्याऐवजी आमच्या गाडीला टेकून उभे होते. कोणी लिंबू दिलं, कोणी पाण्याची बाटली. शेवटची नांगी आईंनी सुहाससमोर धरली. "घे. आज रविवार आहे." सुहासने ती दाताखाली धरली आणि "आई गं!" म्हणून गाल धरला. त्याच्या दाढेत सिमेंट भरलेलं आहे. तोंडभर दात असलेल्या मुलाला मग त्या एका जोडीवाल्या आईने नांगी फोडून दिली.

घरी

मंगळवारी दात निघाले. गाडीतला वास निघायला त्याहून जास्त दिवस लागले, आणि पुढच्या सीटखाली मला नांगीचं एक टोक सापडलं ते मी टाकलं नाही. जाणार असाल तर बिरडं खा, जिताडं खा, मोदक तर खाच, आणि निघण्याआधी गाडीतल्या प्रत्येकाला त्याचे वार विचारा. कोणते स्वतःचे आणि कोणते दुसऱ्याचे, हेही विचारा. मला ते विचारायचं कधी सुचलंच नव्हतं.

हिरड्या भरल्यावर कवळी आली. कवळीने चिंबोरी फुटत नाही, आईंनी पहिल्याच आठवड्यात करून पाहिलं. परवा शनिवारी मी सुहासपुढे वरणभात ठेवला. आई शांतपणे येऊन त्याच्या समोर बसल्या, ताट पुढे ओढलं आणि तळलेला बोंबील मोडला. सुहासचा हात तोंडाशी थांबला.

"आई? आज शनिवार आहे."

"तुझा," आई म्हणाल्या. "माझे दात नवे आहेत. यांनी अजून कोणाचा वार धरलेला नाही. गुरुवार माझा, तो मी पाळेन. बाकी ज्याचा त्याने बघावा."

सुहासने वरणभाताचं ताट जरा बाजूला सारलं. मग हळूच म्हणाला, "मग मीही सोडू का शनिवार?"

"सोड की," आई म्हणाल्या. "पण पुढच्या आठवड्यापासून. आज बोंबील मोजकेच आणलेत."