मेंढीचे वरचे दात

पुस्तक हाती आलं की मदीनाबी ते मधूनच उघडायच्या. त्याआधी हात पदराला पुसायच्या. शेवटच्या पानावर 'तात्पर्य' दिसलं की पुस्तक मिटून बाजूला. विनोद वाचताना स्वतः कधी हसायच्या नाहीत, समोरच्याकडे बघत राहायच्या. चहा निम्मा प्यायच्या आणि विसरायच्या.

सेनगावजवळच्या गोरेगावच्या वाचनालयात मुलांची पुस्तकं निवडायचं काम त्यांच्याकडे होतं. वाचनापासून पळणाऱ्या पोरांना आधी हसवायचं, बाकीचं नंतर, हा त्यांचा हट्ट. नवं पुस्तक घेऊन त्या थेट स्टँडवर जायच्या. त्यांचे पती कादरभाई यांची सेनगावला जाणारी जीप सीटा भरल्याशिवाय हलायची नाही. ती भरेपर्यंत मदीनाबी आत बसलेल्यांना दोन पानं मोठ्यानं वाचून दाखवायच्या. लोक हसले की पुस्तक पास.

"चाची, ही काय परीक्षा झाली?" रागिणीनं एकदा विचारलं. ती नुकतीच मराठीत एम. ए. झाली होती आणि संध्याकाळी वाचनालयात मदतीला यायची.

"जीपमधी अडकलेला माणूस वैतागलेला असतो बाई. तो हसला तर पोरगंबी हसंल."

"मी लग्नापासून हसलो न्हाई," कादरभाई पुढून म्हणाले. "माझं काय?"

"तुमचं मत धरत न्हाईत."

एक पुस्तक असंच पास झालं. मेंढरं मोजता मोजता झोपी जाणाऱ्या वेंधळ्या मेंढपाळाची गोष्ट. अख्खी जीप खिदळली. मदीनाबींनी ते मोठ्या विश्वासानं शीतलला दिलं.

शीतल मेंढपाळ नामाजींची मुलगी, सहावीतली. दिवाळी झाली की घर मेंढरांमागं निघायचं आणि तिची शाळा अर्ध्यावर सुटायची. वाचताना ती अडखळायची, म्हणून तिनं वाचणंच सोडलं होतं. नामाजींनी सांगून टाकलं होतं, "वाचता येत न्हाई तर शाळेत काहून ठेवायची? औंदा गेली की परत बसवणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी शीतलनं झोपलेल्या मेंढपाळाचं चित्र उघडून पुस्तक टेबलावर ठेवलं. "माझा बा असा झोपत न्हाई," एवढंच बोलली आणि गेली.

मदीनाबींनी ते चित्र पुन्हा पाहिलं. मग रागिणीला म्हणाल्या, "जीपमधी एकबी मेंढरंवाला नव्हता गं. कोण हसलं ते बघितलं. कोणावर हसलं ते बघितलंच न्हाई."

सकाळी त्या पुस्तकांची पिशवी घेऊन गावाबाहेरच्या रानात गेल्या. रागिणी मागोमाग. शीतल एका लंगड्या मेंढीचा खूर बघत होती.

"मला न्हाई वाचायचं."

"नको वाचू. मी बसते."

त्या बसल्या. दुसऱ्या दिवशीही गेल्या. तिसऱ्या दिवशी पुस्तकं नुसती उघडून ठेवली. शीतलनं वाकून एक चित्र पाहिलं. त्यातली मेंढी दोन्ही जबडे दाखवून हसत होती. शीतल फिसकन हसली.

"मेंढीला वर म्होरले दात कुठं असतेत? काढणाऱ्यानं मेंढी बघितली न्हाई वाटतं."

"आजून काय चुकलंय?"

"तुमीच बघा की."

"मी काय मेंढरंवाली हाय? तू वाच अन् सांग."

शीतल अडखळत वाचू लागली. चूक सापडली की हसायची आणि पुढचं पान उलटायची. रागिणी थक्क होऊन बघत राहिली. हातातलं काम टाकून नामाजी जवळ आले.

"वर दात? अन् म्होरं काय लिवलंय?"

म्होरं काय लिहिलंय ते शीतल वाचत गेली, शेवटपर्यंत. पुस्तक संपल्यावर मदीनाबींनी विचारलं, "नामाजीभाऊ, शाळेचं काय?"

नामाजींनी लेकीकडं पाहिलं. "राहू दे गावात तिच्या मावशीजवळ. पर तुमी पुस्तकं पुरवताल का? न्हाईतर पुन्हा गप बसंल ती."

"एक संपायच्या आत दुसरं देते. माझी जबान."

दिवाळी झाली. मेंढरं गेली, शीतल राहिली. त्याच आठवड्यात एका सकाळी मदीनाबी उठल्याच नाहीत.

पुढचे काही दिवस रागिणीनं त्यांच्या टेबलाला हात लावला नाही. तीन नवी पुस्तकं मधोमध उघडून पालथी ठेवलेली होती. शेजारी निम्मा चहा तसाच वाळला होता.

मग शीतल दारात आली. "ताई, माझं संपलं. चाचीनं दुसरं काढलं का?"

रागिणीनं हात ओढणीला पुसले. तिन्ही पुस्तकं उचलली. "चल, स्टँडवर."

कादरभाईंनी पुस्तकं ओळखली. शीतलला पुढच्या सीटवर बसवलं आणि जीपची चावी काढून खिशात टाकली.

"आज सीटा भरल्या तरी थांबतो," ते म्हणाले. "वाच बाई."

तिन्हींतलं एक मदीनाबींनी शीतलसाठी निवडायचं होतं. ते राहिलं होतं. रागिणीनं पहिलं पुस्तक मधूनच उघडलं आणि शीतलकडं बघत वाचायला लागली.