रद्द करायची राहिलेली पंधरा मिनिटं

तुम्ही दोघं फोनवर विचारता, आजी अजून त्या लायब्ररीत जाते का. जाते. अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं ध्वनिमुद्रित करणारी आमची लहानशी संस्था आहे. हडपसरच्या कार्यालयात तिचा एकुलता एक युनिक्स सर्व्हर आहे आणि कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून त्याची देखभाल माझ्याकडे आहे. मुलं घरी बसून त्याच्यावरून धडे ऐकतात. प्रकाशकांच्या अटीमुळे धडे उतरवून घेता येत नाहीत. म्हणजे सर्व्हर थांबला की पुस्तक मिटलं.

गेल्या महिन्यात संस्थेनं इंटरनेटची कंपनी बदलली. नवी लाइन शनिवारी संध्याकाळी आली, जुनी रविवारी दुपारी बाराला बंद व्हायची होती. मधल्या वेळात सर्व्हरची नेटवर्क सेटिंग बदलून त्याला नव्या लाइनीचा पत्ता द्यायचा होता. हे काम मशीनसमोर बसून करायचं असतं. घरून करायचं तर ज्या जोडणीवरून आपण आत शिरलो तीच बदलावी लागते. एक आकडा चुकला की मशीन तिकडे चालू आणि आपण बाहेर. म्हणून मी आमच्या कार्यवाहांकडे आठवडाभर किल्ली मागत होते.

"अहो मॅडम, रविवारी ऑफिस बंद. मला लग्नाला जायचंय. पाच मिनिटांचं तर काम, घरून करा की."

बी.ए.च्या एका मुलीचा सोमवारी इतिहासाचा पेपर होता. रविवारी सकाळी तिनं फोन केला. चार प्रकरणं ऐकायची राहिली होती. एक संपेपर्यंत मी थांबले, त्यामुळे सुरुवात करायलाच अकरा चाळीस झाले.

माझी पद्धत ठरलेली आहे. जुन्या सेटिंगची प्रत काढते, नवे आकडे कागदावर लिहून दोनदा ताडून बघते, आणि बदल करण्याआधी मशीनला सांगून ठेवते: पंधरा मिनिटांत मी थांबवलं नाही तर जुनी सेटिंग परत आण. बदल फसला तर आपण आत शिरू शकत नाही, पण मशीन आपणहून पहिल्या जागी येतं. बदल जमला, की तो हुकूम रद्द करायचा.

बदल जमला. जोडणी तुटली, नव्या पत्त्यावरून मी आत गेले, एक धडा लावून ऐकला. आता हुकूम रद्द करायचा, एवढ्यात कार्यवाहांचा फोन आला.

"चालू ना मॅडम? मी ग्रुपवर टाकलंसुद्धा."

"मी सांगायच्या आधीच?"

"त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं, हे मी त्यांना सविस्तर सांगितलं. चालू सर्व्हरला हात लावताना घाई का करू नये, एकेक पायरी का तपासावी, किल्ली का मागत होते, सगळं. मी चांगलं बोलले, असं मला तेव्हा वाटलंही. फोन ठेवला तेव्हा अकरा छप्पन्न झाले होते आणि मशीननं माझा हुकूम बिनचूक पाळून जुनी सेटिंग परत आणली होती.

त्याहून मूर्खपणा पुढे केला. नवा पत्ता लागेना, तर मला वाटलं नवी लाइनच बिघडली. मी तोच पत्ता पुन्हा पुन्हा लावत बसले. जुन्या पत्त्यावरून आत शिरायला चार मिनिटं होती, ती तिथेच गेली. खरं काय झालंय ते लक्षात आलं तेव्हा बारा वाजून गेले होते. जुनी लाइन मेली होती.

मंडईजवळून रिक्षा केली आणि मार्केट यार्डाजवळच्या मंगल कार्यालयात गेले. कार्यवाह पंगतीत होते.

"या मॅडम, बसा. जिलबी घ्या."

"किल्ली द्या."

"घाई करू नये म्हणत होता ना मघाशी?"

त्यांच्या बायकोनं हसू दाबलं. किल्ली त्यांच्या स्कूटरच्या डिकीत होती आणि स्कूटर त्यांचा जावई घेऊन गेला होता. तो येईपर्यंत सव्वा तास मी आहेराच्या टेबलाशेजारी बसून राहिले. तिथे चार जणांनी मला मुलीकडची समजून नमस्कार केला.

हडपसरला पोचून मशीनसमोर बसले. काम खरंच पाच मिनिटांचं निघालं. साडेतीनला धडे सुरू झाले. मी त्या मुलीला फोन केला, चूक माझीच होती हे सांगितलं आणि माफी मागितली.

"असू दे आजी. मी दुपटीच्या वेगानं ऐकते," ती म्हणाली. "फक्त ती प्रकरणं तुम्ही वाचलीयत. तुम्ही दुपटीतही सावकाशच वाचता."

सोमवारी संध्याकाळी मीच विचारलं, पेपर कसा गेला. बरा गेला, म्हणाली. शेवटचं प्रकरण ऐकायचं राहिलं, आणि एक मोठा प्रश्न नेमका त्यातलाच आला.

"मग काय लिहिलंस?"

"काही नाही. लेखनिक ताई विचारत होत्या, काय लिहू. मी म्हटलं, पुढचा प्रश्न वाचा."